बूट कुणाचे?

'झोपडपट्टीतल्या पोरांना महत्त्वाकांक्षाच नसते' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मी नवी मुंबईतल्या दिघ्यात बारा वर्षं शिकवण्या घेतोय. मराठा, बौद्ध, मुसलमान, उत्तर भारतीय, सगळी एकाच सतरंजीवर बसतात आणि अडतातही एकाच ठिकाणी. मध्यंतरी एका जुन्या विद्यार्थ्याला ऐरोलीच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झाल्यापासून ऐरोली म्हणजे पुढचंच स्टेशन. तरी गेला नाही. खूप खोदल्यावर म्हणाला, "सर, बूट मित्राचे असतात. त्या दिवशी त्याची ड्युटी होती."

याला महत्त्वाकांक्षा नसणं म्हणायचं? पोरगा इंग्रजीत माझ्यापेक्षा बरा आहे हो! आता वर्गाच्या कपाटात दोन जोड काळे बूट ठेवलेत. आठ नंबरचे कुणाकडे पडून असतील तर सांगा.