‘एएमएच चारच्या वर’ म्हणून पोरींना आजारी ठरवू नका

बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलीचं एएमएच चारच्या वर म्हणजे पीसीओडी पक्कं. एलएच जास्त असेल तर मूल होत नाही. सोयरीक जुळवण्याआधी रिपोर्ट मागा. आमचा काढा तीन महिने घ्या, आजार मुळासकट जातो.’ पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार; एएमएच, एलएच ही रक्तात तपासतात ती हार्मोन्स. मेसेज वाचून माझ्या बहिणीनं सोळा वर्षांच्या लेकीला तालुक्याला नेलं, रक्त तपासलं. एएमएच ६.१ आलं. रात्री भाचीचा फोन: “मावशी, मले लेकरू होनार नाही काय?”

आधी त्या चारचं बघू. एएमएच हे अंडाशयातल्या बारीक बीजपुटिकांमधून, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्यांमधून येतं. कोवळ्या वयात पुटिका भरपूर असतात, त्यामुळे आकडाही चढा असतो. पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२३ साली नव्यानं आली, मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं. तिच्यात सरळ लिहिलंय की किशोरवयीन मुलींचं निदान एएमएचवरून करू नये, सोनोग्राफीवरूनही नाही. या वयात अनियमित पाळी हवी आणि सोबत पुरुषी हार्मोन वाढल्याची खूणही हवी: हनुवटीवर राठ केस, फार मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. भाचीची पाळी येऊन चार वर्षं झाली. ती बत्तीस-चौतीस दिवसांनी येते, आणि पस्तीसपर्यंत ते नॉर्मलच आहे. गालावर दोन-चार पुटकुळ्या, बस्स. या पोरीला कशाच्या जोरावर रोगी म्हणता?

मोठ्या बायांच्या बाबतीत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. पीसीओएसमध्ये एएमएच बहुधा वाढतं, आणि सोनोग्राफीच्या जागी ते चालतं, असं हीच मार्गदर्शिका म्हणते. पण एकट्या एएमएचवरून निदान होत नाही. शिवाय सगळ्या लॅबना लागू पडेल असा एकच आकडा ठरलेलाही नाही.

एलएच आणि त्याच्या जोडीनं तपासतात ते एफएसएच हार्मोन, यांचं प्रमाण निदानाच्या निकषांत नाहीच. ‘मूल होत नाही’ हे तर धादांत खोटं. बीज वेळेवर फुटत नसेल तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक बायांना लेकरं होतात. सोयरिकीत रिपोर्ट मागायला सांगणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. काढ्यात काय घातलंय, तेवढं मात्र मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

पाळी तीन-तीन महिने येतच नसेल तर घरी बसू नका, डॉक्टरला दाखवा. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, मधुमेहाचा धोकाही वाढतो. तिथं थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन बघतात. पीसीओएस निघालं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये यातल्या एकाही तपासणीचं नाव नाही.