चाळीस सेकंदांत सुटलेला उखाणा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. शेजारच्यांच्या पार्किंगबद्दल नाही, निश्चिंत राहा.

भाचा सुट्टीला आलाय, वय पंधरा. परवा त्यानं माझ्या कपाटातून डिटेक्टिव्ह कोननचे खंड काढले आणि पालथा पडून वाचायला लागला. मला इतका आनंद झाला की न मागता थालीपीठ लावून दिलं, वर लोण्याचा गोळा. आज सकाळी चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणतो, "मावशी, तो बॉस कारासुमा आहे ना? बघितलं मी मोबाईलवर." कितव्या खंडावर आहेस रे? "सहाव्या." शोधायला किती वेळ लागला? "चाळीस सेकंद असतील."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोशो आओयामा १९९४ पासून ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढतोय. सतरा वर्षांच्या हुशार पोराला काळ्या कपड्यांतली टोळी विष देते, तो मरत नाही, लहान होतो आणि कोनन बनून त्या टोळीच्या मागे लागतो. टोळीतल्या सगळ्यांची नावं दारूची. जिन, व्होडका, बर्बन, रम. आणि सगळ्यांच्या वरचा जो, त्याचं नाव कोणीच घेत नाही. नुसतं 'आनो काता', म्हणजे 'ते'. आपल्या आज्या नवऱ्याला म्हणायच्या तसं. "ते आले का? ते जेवले का?" वर्षानुवर्षं नुसतं ते, ते, ते. आणि हा उखाणा आओयामानं घेतला डिसेंबर २०१७ मध्ये, १००८व्या प्रकरणात. घेतला आणि प्रकृतीच्या कारणानं सुट्टीवर गेला. पुढचं प्रकरण थेट एप्रिलमध्ये.

तर त्याआधीची गोष्ट. मी आणि ताई (याच दिवट्याची आई) दोघी नोकऱ्या करणाऱ्या बायका, आणि रात्री फोनवर बोलायचो काय, तर 'ते' कोण. कथेत सतरा वर्षांपूर्वीचा एक खून आहे, हानेदा कोजी नावाच्या शोगी खेळाडूचा. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. तिथं एक फुटका हातआरसा सापडतो. त्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं, 'पुट ऑन मस्कारा'. त्यातली पी, टी, ओ, एन ही चार अक्षरं गेलेली आणि आठ उरलेली. ए तीन, आणि सी, एस, आर, यू, एम एकेक. मरणाऱ्यानं काय सांगितलं? कोनन स्वतः जुळवतो, 'आसाका रम'. रम तर टोळीतलाच माणूस. झालं की!

आम्हीही तिथंच थांबलो असतो. पण बाबा होते.

बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. उलटी अक्षरं आमच्यापेक्षा भराभर वाचतात, अजूनही. ताईनं लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठ अक्षरं लिहून कापली आणि बाबांपुढे टाकली. जपानी येत नाही, कोनन कोण माहीत नाही, काही नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठ्या फरशीवर बोटानं सरकवायला लागले. दोन मिनिटांत म्हणाले, "मस्कारा झालं. यू उरतोय." आम्ही खो खो हसलो. बाबा, ते आरशावरच लिहिलेलं होतं! बाबा शांतपणे म्हणाले, "मग तुमचं कोडं सुटलेलं नाही. कोड्यात काही उरत नसतं." आणि चिठ्ठ्या परत विस्कटल्या.

चाळीस सेकंद म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, अगं, तुम्हाला तरी कुठं सुटलं? नाही सुटलं. मान्य. उत्तर होतं 'कारासुमा'. तीच आठ अक्षरं, एकही न उरता. आम्ही दोघी आणि एक निवृत्त कंपोझिटर मिळून तीन आठवडे फरशीवर होतो आणि एकदाही तिथं पोचलो नाही. कारण कारासुमा केनं लिहितात हे आमच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आरशावर के नव्हताच, मरणाऱ्यानं सीवर भागवलं. याला कुणी फसवणूक म्हणालं तर मी फार भांडणार नाही. थोडीशी आहेच.

पण राग त्याचा नाही. राग याचा आहे की उत्तर वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होतं आणि ते डोळ्यांसमोर असणं म्हणजे काय, हे त्या पोराला कधीच कळणार नाही. रेन्या कारासुमा हे नाव तिसाव्या खंडात येऊन गेलंय हो! २००० सालचा खंड. एक जुना वाडा, गुप्तहेरांना आमंत्रण, आणि वाड्याचा मूळ मालक पन्नास वर्षांपूर्वी मेलेला अब्जाधीश. आम्ही वाचून पान उलटलं. मेलेल्या म्हाताऱ्यावर कोण संशय घेणार? काही चाहते घेतही होते, आम्ही त्यांना हसायचो. मी स्वतः चार वर्षं प्राध्यापक अगासावर ठाम होते. तो गोलमटोल शेजारी, ज्यानं कोननला सगळी यंत्रं करून दिली. आओयामानं स्वतः सांगितलं की तो नाही, तरी मी म्हणत होते की लेखक खोटं बोलतोय. ताईनं माझ्याकडून पैजेची मिसळ वसूल केली, ज्यादा पावासकट.

त्यात ते कावळ्याचं गाणं. बॉसला मेल पाठवताना फोनच्या बटणांचे जे आवाज होतात, ते एका जपानी बालगीतासारखे लागतात. गाणं १९२१ चं, डोंगरावर पिल्लं असलेल्या कावळ्याचं. चाहत्यांनी बटणं बसवली, हॅश ९६९ हॅश ६२६१. आम्ही आमच्या लँडलाईनवर दाबून बघितलं. ताई ऐकतेय, मी दाबतेय, आणि आतून बाबा ओरडतायत, "बिल कोण भरणार?" आणि जपानीत कावळ्याला काय म्हणतात? कारासु! नावातच बसलेला होता कावळा, आणि आम्ही दोघी वर्षानुवर्षं पिंडाकडे बघत उभ्या.

सांगा, ही गंमत मोबाईलवर कुठल्या पानावर मिळते?

बरं, पोराचीही बाजू आहे. शंभराच्या वर खंड झालेत, त्याला दहावी आहे, कोण थांबणार. आणि ते खंड मी कमावती झाल्यावर घेतले. त्याआधी आम्हीही कुठून कुठून चोरूनच वाचायचो, इंग्रजीत कुणीतरी रात्री जागून केलेली भाषांतरं. तेव्हा फार साजूकपणा नको. ठीक आहे.

ठीक आहे म्हणाले आणि परत चिडले. कारण दुपारी एक ओळखीचे गृहस्थ आलेले, ते ऐकून म्हणाले, "या वयात कार्टून वाचता?" आणि सोफ्यावर बसून दोन तास रील्स बघत होते. आवाज चालू ठेवून. त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

रमचं मात्र वेगळं झालं, तेही सांगते. रम कोण, यावर तीन संशयित होते. त्यातला एक कोननच्या घराशेजारच्या सुशीच्या दुकानातला आचारी, वाकिता कानेनोरी. रम हा कायम घाईतला माणूस, निरोपात लिहितो की टाईम इज मनी. जपानीत ती म्हण आहे 'तोकि वा काने नारी'. जपानच्या चाहत्यांनी रोमन अक्षरं उलटसुलट केली आणि उलगडा छापून येण्याआधीच पकडला बेट्याला. २०२१ मध्ये, शंभराव्या खंडातल्या प्रकरणांत, खरंच तोच निघाला. मी बाबांना दोन्ही ओळी देवनागरीत एकाखाली एक लिहून दिल्या. 'वाकिता कानेनोरी' आणि 'तोकि वा काने नारी'. त्यांना मोतीबिंदू झालेला तेव्हा, कागद नाकाला लावून बघितला. म्हणाले, "यात काय? बाकी सगळं तेच आहे. ता आणि नो. नोची मात्रा काढून ताला दे, झालं तो आणि ना." मी परत बघितलं. खरंच. रोमनमध्ये चौदा अक्षरं मोजत बसायचं ते बाबांनी एका मात्रेत संपवलं. मग अर्धा तास केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, मात्रेचा खिळा कुठल्या खणात असायचा आणि तोच नेमका कसा आधी संपायचा, हे ऐकलं. दोनदा.

मी सकाळी भाच्यावर जरा जास्तच ओरडले. पोरगं घाबरलंच. "मावशी, सॉरी, पण नाव कळलं तर काय झालं?" काय झालं ते मला सांगता येईना. म्हणून संध्याकाळी कपाटातून ते पाकीट काढलं. लग्नपत्रिकेच्या चिठ्ठ्या, कडा पिवळ्या पडलेल्या, एकीवर बाबांच्या अंगठ्याचा शाईचा डाग. फरशीवर ओतल्या आणि म्हटलं, तुला उत्तर माहीत आहे ना, मग कर कारासुमा.

बसलाय तेव्हापासून. पहिल्यांदा केच शोधत होता, मनात म्हटलं ये वळणावर. मग सी कळला. आता पाऊण तास झालाय, मोबाईल चार्जिंगला पडलाय, आणि मधून मधून आवाज येतोय, "मावशी, हे होतच नाहीये, मस्करा होतंय नुसतं आणि यू उरतोय."

चिठ्ठ्या सातच आहेत. एक ए कुठंतरी हरवलाय, मी आधीच मोजल्या होत्या. जेवायला हाक मारेपर्यंत सांगणार नाहीये.