‘कॅमेरे मोजतील, जंगलात माणूस कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

एक दावा गेली काही वर्षं जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: कॅमेरा ट्रॅप (समोर प्राणी आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), ध्वनिमुद्रक, ड्रोन आणि पाण्यातल्या डीएनएची चाचणी यांमुळे वन्यजीवांची मोजदाद आता आपोआप होते. प्रजाती एआय ओळखतं, प्राण्यांना त्रास होत नाही, शिकाऱ्याची खबर तिथल्या तिथे मिळते. तेव्हा जंगलात पायी फिरणाऱ्या माणसांवरचा खर्च थांबवावा आणि तो पैसा यंत्रांकडे वळवावा.

यातलं प्रत्येक यंत्र उपयोगाचं आहे आणि ते वापरलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. म्हणूनच हा दावा तसाच सोडून देता येत नाही. यंत्र नोंद करतं ती ‘समोर काहीतरी आलं’ एवढीच. त्या नोंदीपासून ‘या जंगलात इतके प्राणी आहेत’ या वाक्यापर्यंतचा रस्ता माणसालाच चालावा लागतो.

‘आता पायपीट नको’

भारतातल्या २०१८ च्या व्याघ्रगणनेची नोंद कॅमेरा ट्रॅपचं जगातलं सर्वांत मोठं सर्वेक्षण म्हणून गिनेस बुकात झाली. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो मिळाले. त्याच सर्वेक्षणाचे बाकीचे आकडे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ५,२२,९९६ किलोमीटर पायी पाहणी. झाडोरा आणि भक्ष्यप्राण्यांची विष्ठा तपासण्यासाठी ३,१७,९५८ प्लॉट. सगळं मिळून ६,२०,७९५ मनुष्यदिवस.

एवढी माणसं का लागली? कॅमेऱ्यांच्या टप्प्यात आलेलं क्षेत्र १,२१,३३७ चौरस किलोमीटर होतं, तर अभ्यासलेलं जंगल सुमारे ३ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर. फोटोंवरून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले, अंदाज मात्र २,९६७ चा निघाला. मधली तफावत भरून काढताना पाऊलखुणा, विष्ठा, भक्ष्याचं प्रमाण आणि माणसांचा वावर या पायी टिपलेल्या नोंदींचाच आधार होता. पायपीट काढून टाकली, तर जिथे कॅमेरे नाहीत त्या जंगलाबद्दल बोलायला काहीच उरत नाही.

‘फोटो वाढले म्हणजे प्राणी वाढले’

हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

कॅमेरा ट्रॅपला जागं करतो तो पीआयआर सेन्सर. समोरच्या पट्ट्यांमध्ये उष्णतेचा फरक अचानक सरकला की तो फोटो काढायला लावतो. म्हणजे प्राणी हलता हवा आणि त्याच्या अंगाचं तापमान मागच्या जमिनीपेक्षा पुरेसं वेगळं हवं. कडक उन्हात जमीन तापून अंगाइतकीच गरम झाली की समोरून गेलेलं सांबरही निसटू शकतं. सरडे, साप, बेडूक यांचं तापमान सभोवतालाएवढंच राहत असल्यामुळे ते बहुतेक वेळा सेन्सरला ‘दिसत’च नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक अंतराने फोटो घेणारी टाइम-लॅप्स पद्धत किंवा आडवं कुंपण घालून त्यांना कॅमेऱ्याखालून जायला लावणारी रचना वापरावी लागते.

आता समजा, दोन जंगलांत भेकरांची घनता अगदी सारखी आहे. पहिल्यात झाडोरा विरळ, सेन्सर १२ मीटरपर्यंत पकडतो. दुसऱ्यात दाट झुडपं, पकड ४ मीटरच. बाकी सगळं सारखं असलं तरी पहिल्या जंगलात साधारण तिप्पट फोटो मिळतील, कारण भेट होण्याची शक्यता पकडीच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. प्राण्याच्या चालीचंही तसंच. उन्हाळ्यात पाण्यासाठी तो दुप्पट चालू लागला तर फोटोही दुप्पट होतील आणि संख्या तेवढीच राहील. त्यामुळे ‘दर १०० ट्रॅप-रात्रींना इतके फोटो’ (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक ट्रॅप-रात्र) हा आकडा दोन जंगलांच्या, दोन ऋतूंच्या किंवा दोन प्रजातींच्या तुलनेसाठी वापरणं धोक्याचं आहे. पावसानंतर गवत वाढलं म्हणून फोटो घटले आणि अहवालात प्राणी घटले असं छापलं गेलं, तर त्यावरून घेतलेला निर्णयही चुकणारच.

पट्टे किंवा ठिपके असलेल्या प्राण्यांचं एकवेळ ठीक. तिथे प्रत्येक जनावर वेगळं ओळखता येतं. पण दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. ते अगदी एका रेषेत लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो, म्हणून थोडे तिरके लावायचे. सर्वेक्षण साधारण ४५ ते ६० दिवसांत आटोपायचं, कारण हिशेबाची पद्धत त्या काळात जन्म, मृत्यू, ये-जा झाली नाही असं धरून चालते. रानडुक्कर, भेकर, साळिंदर यांना अशी नक्षीच नाही. तिथे पकडीचं अंतर, कोन आणि प्राण्याचा वेग मोजूनच घनतेकडे जाता येतं, आणि ती मोजणी प्रत्येक जागी कुणीतरी टेप घेऊन करावी लागते.

‘कॅमेऱ्यात आला नाही म्हणजे तिथे नाही’ हेही याच कुळातलं. समजा, एखादा प्राणी त्या भागात आहे, पण एका रात्री कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता ३ टक्केच आहे. १५ रात्रींनंतरही तो एकदाही न दिसण्याची शक्यता ६३ टक्के उरते. ६० रात्रींनंतर ती १६ टक्क्यांवर येते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर ९९ रात्री कॅमेरा चालू हवा. चालू म्हणजे खरोखर चालू. आणि गाडी अडते ती इथेच.

कॅमेरा बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात. लेन्ससमोरचं गवत उन्हात तापतं, वाऱ्याने हलतं आणि चार-पाच दिवसांत कार्ड रिकाम्या फोटोंनी भरून जातं. पुढचे २५ दिवस ‘एकही प्राणी नाही’ असे दिसतात, प्रत्यक्षात कॅमेराच मुका झालेला असतो. म्हणून समोरचं गवत मुळापर्यंत कापायचं आणि प्रत्येक ठिकाणाचा शेवटचा चालू दिवस नोंदवायचा. एनआयएमएच, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, १.५ व्होल्ट गृहीत धरलेल्या कॅमेऱ्याचा रात्रीचा फ्लॅश त्यावर मंदावतो. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तिथे लिथियम बरे. बॅटरी बदलताना घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेला गेलं तर सगळ्या वेळा चुकतात. त्यावर उपाय साधा आहे: लावताना आणि काढताना तारीख, वेळ आणि ठिकाणाचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरून फोटो घ्यायचा. फरक किती पडला ते त्यावरून कळतं.

मध्यम आणि मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी कॅमेऱ्याची उंची ३० ते ५० सेंटिमीटर, वाटेपासून अंतर ३ ते ४ मीटर, तोंड पूर्व-पश्चिमेला नको. लावून झाल्यावर त्या उंचीवरून रांगत जाऊन सेन्सर पकडतो की नाही ते बघायचं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

‘एआय ९९ टक्के अचूक आहे’

अचूकता कशावर मोजली, हा पहिला प्रश्न. ज्या ठिकाणांच्या फोटोंवर मॉडेल शिकलं त्याच ठिकाणांच्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ते हुशार दिसतं. नव्या जागी पार्श्वभूमी, प्रकाश, झाडोरा बदलला की चुका वाढतात. मॉडेल प्राण्याबरोबर त्याच्या मागचा दगडही शिकलेलं असतं.

दुसरी अडचण दुर्मिळतेची. वर सांगितलेल्या ३ कोटी ४८ लाख फोटोंत वाघाचे होते ७६,६५१, म्हणजे हजारात साधारण दोन. हेच प्रमाण धरून हिशेब करू. १० लाख फोटो, त्यांत हव्या त्या प्राण्याचे २,०००. मॉडेल त्यांतले ९५ टक्के पकडतं, म्हणजे १,९००. उरलेल्या ९,९८,००० फोटोंपैकी फक्त १ टक्का चुकीने त्याच नावाखाली टाकतं, म्हणजे ९,९८०. आता त्या नावाखाली ११,८८० फोटो जमले आणि त्यांतले खरे १६ टक्के! मॉडेल मात्र ‘९९ टक्के अचूक’च राहिलं. दुर्मिळ प्राण्याच्या बाबतीत प्रत्येक फोटो माणसाने बघायलाच हवा, तो याचसाठी.

एआयचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. मेगाडिटेक्टरसारखं मॉडेल प्रजाती सांगतच नाही. फोटोत प्राणी आहे, माणूस आहे, वाहन आहे की काहीच नाही, एवढंच ते वेगळं करतं. रिकामे फोटो बाजूला गेले की बघायचं काम कित्येक पटींनी हलकं होतं. बाजूला काढलेल्यांतलेही काहीशे फोटो चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून तपासायचे, म्हणजे किती प्राणी निसटले ते कळतं.

‘ध्वनिमुद्रक सगळे पक्षी मोजतो’

तो आवाज मोजतो. एकाच पक्ष्याने दहादा साद घातली की दहा पक्ष्यांनी एकेकदा, हे एका मायक्रोफोनवरून सहसा सांगता येत नाही. बर्डनेट हे आवाजावरून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर ३-३ सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला ० ते १ मधला गुण देतं. ०.८ गुण म्हणजे ८० टक्के खात्री, असा अर्थ सर्रास लावला जातो आणि तो चूक आहे. एका प्रजातीला ०.३ पुरतो, दुसरीला ०.९ ही अपुरा पडतो. त्यावर वाट अशी: प्रत्येक प्रजातीचे वेगवेगळ्या गुणांचे शे-दोनशे तुकडे निवडायचे, जाणकाराने ऐकून बरोबर-चूक लिहायचं, आणि त्यावरून त्या जागेपुरता, त्या प्रजातीपुरता उंबरठा ठरवायचा.

साठवणीचा हिशेबही आधीच करावा. ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), १६ बिट, एका मायक्रोफोनचं मुद्रण मिनिटाला ५.७६ एमबी खातं, दिवसाला सुमारे ८.३ जीबी. दहा यंत्रं सतत चालू ठेवली तर रोज ८३ जीबी. म्हणून दर १० मिनिटांत १ मिनिट असं वेळापत्रक बहुतेक कामांना पुरतं. त्याच ४८ किलोहर्ट्झवर वटवाघळं मात्र मिळणार नाहीत, कारण त्यात २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज उतरतो आणि बहुतेक वटवाघळांच्या हाका त्याच्या वर असतात. त्यांच्यासाठी २५० किलोहर्ट्झ किंवा जास्त ठेवावं लागतं. आणखी एक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ओल लागलेला मायक्रोफोन हळूहळू बहिरा होतो. तेव्हा दर हंगामाआधी सगळी यंत्रं एका रांगेत ठेवून ठरावीक अंतरावरून एकच आवाज ऐकवायचा. नाहीतर मायक्रोफोनचं म्हातारपण पक्ष्यांच्या घटीसारखं दिसेल.

‘पाण्याची एक बाटली, सगळ्या प्रजाती’

पर्यावरणीय डीएनएची, म्हणजे प्राण्यांनी पाण्यात किंवा हवेत मागे सोडलेला डीएनए शोधण्याची पद्धत फार मोलाची आहे, विशेषतः लाजाळू जलचरांसाठी. २०२२ मध्ये तर प्राणिसंग्रहालयांच्या हवेतूनही प्राण्यांचा डीएनए गोळा करून दाखवला गेला. पण पाण्यातला डीएनए वर्षानुवर्षं टिकत नाही. ऊन आणि उष्णतेत तो काही दिवस ते काही आठवड्यांत विरतो, आणि वाहत्या पाण्यात किलोमीटरभर खाली सापडू शकतो. म्हणजे ‘इथे आहे’ ऐवजी ‘इथे किंवा वरच्या अंगाला होता’ एवढंच म्हणता येतं. जिवंत की मेलेला, नर की मादी, पिल्लू की प्रौढ, यांतलं काही त्यातून कळत नाही. ज्याच्याशी ताडून नाव ठरवतात त्या संदर्भसंचात ज्या प्रजातीचा डीएनए नोंदलेला नाही, ती नमुन्यात असूनही नाव मिळत नाही.

एका बाटलीवर तर मुळीच थांबू नये. प्रत्येक ठिकाणी किमान तीन नमुने, प्रत्येकी एक-दोन लिटर पाणी, गाळाचं पाणी असेल तर फिल्टर आधीच तुंबतो म्हणून किती पाणी गेलं ते लिहून ठेवणं, प्रत्येक ठिकाणी नवे हातमोजे. प्रवाहाच्या खालच्या अंगाकडून वर चढत जायचं, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेलं पाणी नमुन्यात येत नाही. शुद्ध पाणीही त्याच जागी, त्याच पद्धतीने गाळून कोरा नमुना घ्यायचा. त्या कोऱ्यात डीएनए निघाला तर त्या दिवसाच्या सगळ्याच नोंदी संशयास्पद.

‘प्राण्यांना कसलाच त्रास नाही’

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांच्या अभ्यासात डोक्यावरून ड्रोन गेल्यावर एका मादीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले होते. अभ्यासातली बहुतेक अस्वलं जागची फारशी हलली नव्हती, त्यामुळे नुसतं बघणाऱ्याला ती शांतच वाटली असती. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एलिगंट टर्न या पक्ष्यांच्या वसाहतीत ड्रोन कोसळला आणि हजाराहून जास्त अंडी सोडून पक्षी निघून गेले. प्राण्याचा माग ठेवणाऱ्या रेडिओ कॉलरसाठी त्याला पकडावं किंवा बेशुद्ध करावं लागतं. अशा यंत्राच्या वजनाची मर्यादा सस्तन प्राण्यांत साधारण शरीराच्या ५ टक्के आणि पक्ष्यांत ३ टक्के मानतात. वाढत्या वयाच्या जनावराला न सैलावणारी कॉलर घालणं ही क्रूरता आहे.

‘लाइव्ह सूचनेने शिकार थांबते’

सूचना थांबवत नाही, पोचलेली माणसं थांबवतात. कॅमेरा मोबाइल नेटवर्कवर असेल तर फोटो लवकर येतो. दरीत, घनदाट रानात नेटवर्क नसतं. म्हणून असा कॅमेरा बसवण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: रात्री दोन वाजता सूचना कुणाच्या फोनवर जाईल, तिथे कोण आणि कशाने जाईल, आणि किती मिनिटांत. ज्यांच्यावरचा खर्च थांबवा म्हणतात, तीच ही माणसं.

आणि तोच फोटो चुकीच्या हाती गेला तर शिकाऱ्याला पत्ता मिळतो. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, ते पुढे पाठवण्याआधी पुसावे. आयनॅचरलिस्ट या लोकांच्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींची जागा ०.२ अंश रुंद, ०.२ अंश उंच चौकोनात मुद्दाम धूसर केली जाते. विषुववृत्ताजवळ ते सुमारे २२ किलोमीटर होतात. पण फोटोतला ओळखीचा कडा, मंदिर किंवा पाटी तशीच राहिली तर त्या धूसरपणाचा काहीही उपयोग होत नाही. जागा ओळखू येत असेल तर फोटो कापून टाकावा, किंवा हंगाम उलटल्यावरच बाहेर द्यावा.