बेड आवरला नाही म्हणून कुणाला डिप्रेशन येत नाही

"रोज सकाळी बेड आवरण्याचे चमत्कारिक फायदे" हा मेसेज गेले दोन महिने फिरतोय. माझ्याकडे चार वेळा आला, तीन वेळा मी न वाचताच सोडून दिला. चौथ्यांदा तो आमच्या मोठ्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या धाकट्या बहिणीला उद्देशून लिहिलं, "बाळा, हे तुझ्यासाठी. गोळ्यांपेक्षा याने फरक पडेल." ती दीड वर्ष डिप्रेशनवर उपचार घेतेय. तिला विचारूनच हे लिहितेय, आणि हो, चिडून लिहितेय.

मेसेजचा सारांश सांगते. बेड आवरणाऱ्यांना डिप्रेशन येत नाही, ६८,००० लोकांवरच्या संशोधनात ते जास्त आनंदी असल्याचं सिद्ध झालंय, बेडमध्ये किडे होत नाहीत, झोप छान लागते, २१ दिवस न चुकता केलं की सवय लागते आणि एक दिवस जरी चुकला तर पहिल्यापासून मोजायचं, आणि शेवटी अमेरिकन नौदलाच्या एका अ‍ॅडमिरलचं नाव.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेते. मेसेजमधलं वाक्य असं आहे: "विस्कटलेला बेड म्हणजे विस्कटलेलं मन. जो रोज बेड आवरतो त्याच्याजवळ डिप्रेशन फिरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बहिणीने ग्रुपवर फोटो टाकला. चादर ताणून बसवलेली, चारही कोपरे गादीखाली खोचलेले, उशा सरळ. खाली अंगठे, टाळ्या, "शाब्बास". दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती बेडला पाठ टेकून खाली फरशीवर बसली होती. सकाळपासून तशीच. का, तर आडवं झालं तर चादर चुरगळेल आणि पुन्हा उठून ती नीट करायची ताकद नाही, आणि मग आजचा दिवसही फुकट गेला असं होईल. अंगात कणकण असावी तशी दमलेली मुलगी, आणि तिला स्वतःच्या बेडवर टेकायची भीती वाटत होती.

ताप आला की माणूस झोपून राहतो, झोपून राहिल्यामुळे ताप येत नाही. इथेही तेच. डिप्रेशनचं निदान करताना डॉक्टर ज्या गोष्टी बघतात त्यात थकवा आहे, शक्ती नसणं आहे, कशातच रस न वाटणं आहे, आणि तेही किमान दोन आठवडे, जवळपास रोज. ज्याला दात घासायला उठणं जड जातंय त्याचा बेड विस्कटलेलाच असणार, तो आजाराचा परिणाम आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिप्रेशनमागे सामाजिक, मानसिक आणि जैविक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. चादरीची घडी त्यात कुठेच बसत नाही. रोज बेड आवरून, वेळेवर ऑफिसला जाऊन, हसून बोलून आतून पोखरलेली माणसंही असतात आणि "तुझं तर सगळं व्यवस्थित आहे" म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि "गोळ्यांपेक्षा" हा शब्द. काकांनी तो प्रेमाने लिहिला असेल, पण तो धोकादायक आहे. डिप्रेशनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, जिवाची तगमग असा त्रास होऊ शकतो आणि आजार पुन्हा उलटू शकतो. त्या बंद करायच्याच असतील तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करत नेतात.

मेसेजमधली अर्धी गोष्ट खरी आहे, तेही सांगते, मनात नसलं तरी. डिप्रेशनच्या उपचारात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे, त्यात मूड चांगला व्हायची वाट न बघता छोट्या छोट्या गोष्टी ठरवून करायला लावतात, आणि बेड आवरणं ही त्यातली एक गोष्ट असू शकते. दिवसभर बेडवर पडून राहू नका असंही डॉक्टर सांगतात. पण ती यादी त्या माणसाची ताकद बघून, त्याच्याशी बोलून बनते, जमलं नाही तर पायरी आणखी लहान करतात. बहिणीच्या यादीत सध्या पहिली गोष्ट आहे उठल्यावर खिडकीचा पडदा सरकवणं. बेड अजून यादीत आलेलाच नाही.

आता ते ६८,००० लोक. हा आकडा हंच नावाच्या एका वेबसाइटच्या सर्व्हेतून आलाय, २०१२ च्या आसपासपासून लेखालेखांत फिरतोय. त्यात बेड आवरणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी आपण आनंदी असल्याचं सांगितलं. सांगितलं म्हणजे वेबसाइटवर आलेल्यांनी स्वतःच उत्तरं दिली, कुणी कुणाला तपासलं नाही, की काही लोकांना बेड आवरायला लावून सहा महिन्यांनी फरक बघितला असंही नाही. आनंदी माणूस बेड आवरतो की बेड आवरून माणूस आनंदी होतो, हे अशा सर्व्हेतून कळूच शकत नाही. झोपेच्या मुद्द्याचंही तसंच, अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या पाहणीत बेड आवरणाऱ्यांनी झोप चांगली लागते असं सांगण्याची शक्यता १९ टक्के जास्त निघाली, पण तेही लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलंच आहे.

किड्यांबद्दल तर मेसेज जवळपास उलटं सांगतोय. गादीत असतात ते डस्ट माइट, डोळ्यांना न दिसणारे, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे, आणि पाणी ते हवेतल्या ओलाव्यातून शोषून घेतात. रात्रभर आपल्या अंगाची उष्णता आणि घाम गादीत मुरतो, त्यावर उठल्याउठल्या पांघरूण ताणून घातलं की ओल आतच राहते. २००५ मध्ये इंग्लंडच्या किंग्स्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी म्हटलं होतं की बेड तसाच उघडा ठेवला तर माइट सुकून मरू शकतात. ते कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेलं होतं आणि इतर तज्ज्ञांनी त्यावर शंकाही घेतली, त्यामुळे त्याचाही झेंडा मी मिरवणार नाही. पण अ‍ॅलर्जी असेल तर पांघरूण मागे सारून गादीला थोडी हवा लागू द्या, मग आवरा, आणि चादरी-अभ्रे ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा. माइट त्याने मरतात.

२१ दिवस हे मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून आलंय, १९६० चं. ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. लोकांनी "कमीत कमी" गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला तेव्हा सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत. आणि माझ्या बहिणीसाठी महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही असंही त्यातच दिसलं. "पहिल्यापासून मोजा" ही अट कुणीतरी स्वतःच्या डोक्यातून घातलीय.

राहिला अ‍ॅडमिरल. विल्यम मॅक्रेवन, १७ मे २०१४, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन कॅम्पसमधलं पदवीदानाचं भाषण. बेडबद्दल ते बोलले हे खरंय. पण भाषणात दहा मुद्दे होते आणि बेडच्या मुद्द्यातच त्यांनी म्हटलंय की दिवस अगदी वाईट गेला तरी घरी आल्यावर आवरलेला बेड तुमची वाट बघत असेल. म्हणजे तो बेड थकलेल्या माणसाने आडवं व्हायलाच होता! आणि लगेच पुढचा मुद्दा होता होडीचा. ट्रेनिंगमध्ये सात जणांची टीम असायची, सगळ्यांनी मिळून वल्हवल्याशिवाय लाटा पार होत नसत, म्हणून आपल्याबरोबर वल्हवणारी माणसं शोधा. मेसेज बनवणाऱ्याने नेमकं तेच कापलं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. आधी आवाज चढला, मग म्हणाले, "मला तिला मदतच करायची होती गं." ते मला पटतं. मी म्हटलं, मग मेसेज डिलीट करा आणि शनिवारी तिच्याकडे जा, चादर बदलायची आहे, दोन टोकं तुम्ही धरा. येतो म्हणालेत.