अर्धशिशी आणि वीस पट्ट्या
आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीने मायग्रेनमुळे महिन्यात तिसऱ्यांदा रजा घेतली आणि साताऱ्याच्या मामांनी निकाल दिला, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ही शहरात एसीत बसणाऱ्यांची थेरं." इंग्लंडात लेस्टरला अठरा वर्षे काढूनही ते वाचताच माझे उजवे कानशील ठणकू लागले.

नव्हते कसे? सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' आहे आणि आपल्या आज्यांच्या तोंडी 'अर्धशिशी' होती. ही नावे काय उगाच पडली? शहराचेच म्हणाल, तर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेतील संशोधकांनी कर्नाटकात २,३२९ प्रौढांची पाहणी केली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले आणि ते शहरापेक्षा खेड्यांत अधिक होते. जगभरात हेच प्रमाण साधारण सातांत एक आहे. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणारे, तीन महिन्यांहून जास्त चालणारे आणि त्यांतले किमान ८ दिवस मायग्रेनचे असणारे जुनाट दुखणे मात्र शंभरात एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला येते. ते माझ्या वाट्याला आले.

इथे मी ऑफिसच्या टीम्स चॅटवर 'मायग्रेन' एवढे लिहून लॉग-ऑफ करते. कोणी खुलासा मागत नाही. सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचे १६ गोळ्यांचेच पाकीट मिळते, फार्मसीत ३२ गोळ्यांचे. आपल्याकडचा केमिस्ट पट्ट्यांवर पट्ट्या देतो, असे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिले. दर जानेवारीला परतताना माझ्या बॅगेत लसणाच्या चटणीखाली त्याच केमिस्टाकडच्या वीस पट्ट्या असतात, हे लिहिले नाही. न्यूरॉलॉजिस्टची तारीख मिळायला अकरा महिने लागले, हेही गाळले. तोवर मी महिन्यातले वीस दिवस गोळी घेत होते. माझी डोकेदुखीची डायरी चाळून डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, साधी वेदनाशामकेही महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेत राहिले, तर गोळीच डोके दुखवू लागते.

त्यांच्या फॉर्मवर डोके उठवणाऱ्या गोष्टींत चीज, चॉकलेट आणि रेड वाइन होती. मला डोक्यावरून न्हाल्यावर दुखते, हे इंग्रजीत सांगताना मी इतकी अडखळले की आपण कोणत्या देशाच्या रुग्ण आहोत, असा प्रश्न पडावा. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट के. रविशंकर यांनी २००६ मध्ये नेमक्या अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळले.

आईलाही शुक्रवारी न्हाल्यावर अर्धशिशी उठायची. कपाळाला सुंठेचा लेप लावून आणि जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधून ती माजघरात अंधार करून पडायची आणि तासाभराने तशीच चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसायची. मामा तिचे धाकटे भाऊ. मी ग्रुपवर त्यांना याची आठवण करून दिली, तेव्हा बऱ्याच वेळाने उत्तर आले, "ताईचं वेगळं. तिनं कधी रजा मागितली?"

ते वाक्य भाचीच्या बाजूने किती बोलते, हे मामांना कळले नसावे. मी मात्र त्यावर काही लिहू शकले नाही. दहावीत असताना, आई कामे टाळायला मुद्दाम पडून राहते असे वाटून, माजघराच्या दाराशी रेडिओचा आवाज वाढवणारी मीच होते.