लक्ष आठ सेकंदांत संपत नाही

‘आजच्या कॉलेजच्या मुलांचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. म्हणून त्यांची स्मरणशक्ती कच्ची. रोज मेमरी गेम खेळा, दोन्ही सुधारेल.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो. त्यातलं एकेक विधान तपासू.

८ सेकंदांचा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे जगभर पसरला. पण तो कंपनीने मोजलेला नव्हता, आकडेवारी देणाऱ्या एका वेबसाइटवरून उचलला होता. त्यामागचा अभ्यास शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. आणि लक्ष भरकटणं हा मोबाइलने दिलेला आजार नव्हे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं, की घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा मधूनच दुप्पट उडी मारतो का एवढंच दोन तास बघत बसायचं म्हटलं, तर पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेतून उड्या निसटू लागतात.

‘म्हणून स्मरणशक्ती कच्ची’ हे विधान जास्त घातक आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. लक्षाचा घट्ट संबंध आहे तो कार्यरत स्मृतीशी, म्हणजे वर्किंग मेमरीशी. गणित सोडवताना मधली पायरी मनात धरून ठेवतो, ती ही स्मृती. पाठांतराचं कोठार वेगळं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार कार्यरत स्मृतीत एका वेळी जेमतेम ४ गोष्टी मावतात. मायकेल केन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १२४ विद्यार्थ्यांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, अचानक विचारलं: आत्ता मन कामात आहे की भलतीकडे? काम अवघड आणि एकाग्रतेचं असताना, कार्यरत स्मृतीची क्षमता जास्त असलेल्यांचं मन कामावर अधिक टिकलं. म्हणजे फरक दिसला तो कामाचा भार वाढल्यावर. हा सहसंबंध आहे. लक्ष कमी म्हणून स्मृती कमी, असं कार्यकारण त्यातून निघत नाही. झोप न झालेल्या, ताणाखालच्या मुलाचंही मन भटकतं. त्याला ‘कच्चा’ म्हणणं चूक तर आहेच, अन्यायही आहे.

राहिले गेम. मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणाचे २३ अभ्यास एकत्र तपासले. सरावासारख्याच चाचण्यांत गुण वाढले, तेही तात्पुरते. लक्ष, वाचन, अंकगणित यांत सुधारणा झाल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. त्यापेक्षा मधल्या पायऱ्या कागदावर लिहून काढाव्यात. तेवढा भार डोक्यावरून उतरतो आणि लक्ष उरलेल्या प्रश्नाकडे देता येतं.