तपासणीच्या खोलीतील तसबीर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या दवाखान्यातील विठ्ठलाच्या तसबिरीविषयीच्या लेखावर ‘एक सजग वाचक’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : तपासणीच्या खोलीत रुग्णाच्या डोळ्यांसमोर देवाची तसबीर ठेवली की अन्य धर्माच्या रुग्णाला परकेपणा वाटतो, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांना व्यक्तिगत श्रद्धा रुग्णांवर न लादण्यास बजावले आहे, उदबत्तीचा धूर बाधतो, आणि शेवटी, ‘ज्या डॉक्टरचा स्वतःच्या औषधावर विश्वास नसतो, तोच भिंतीवर देव टांगून दुकान चालवतो.’

उदबत्तीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दमेकऱ्यांना धुरापासून दूर राहायला मी रोज सांगतो, आणि माझ्याच खोलीत सकाळी उदबत्ती लागत होती, ही चूक होती. ती मी सोमवारपासून बंद केली आहे.

शेवटचे वाक्य मात्र मनाला लागले. मतभेद मी समजू शकतो. पण ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, ज्याच्या दवाखान्याची पायरी कधी चढला नाहीत, त्याच्या 27 वर्षांच्या कामाला ‘दुकान’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ही टीका नव्हे, हा अपमान आहे, आणि तो आपण टोपणनावाआड राहून केला आहे.

औषधावरच्या विश्वासाबद्दल आपण विचारलेच आहे, तर सांगतो. मी रायगड जिल्ह्यात व्यवसाय करतो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण येतात. एका मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास एक मुस्लिम गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आले. मुलगा घामाने निथळत होता, ओकत होता, आणि त्याचे तळपाय हाताला बर्फासारखे लागत होते. मी तेव्हा अंगारा लावला नाही की नवस बोललो नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर जे प्राझोसिन हे औषध उपयोगी असल्याचे दाखवून दिले, ते मी मुलाच्या वजनाच्या मानाने दिले, तीन तासांनी पुन्हा दिले आणि त्याच्या उशाशी बसून रात्रभर नाडी आणि रक्तदाब पाहत राहिलो. पहाटे त्याचे पाय गरम लागले, तेव्हा मी तसबिरीकडे पाहिले. आधी नाही. हा क्रम माझ्या हातून कधी चुकलेला नाही. ते गृहस्थ आजही सहकुटुंब माझ्याकडेच येतात आणि त्या तसबिरीविषयी त्यांनी कधी शब्द काढलेला नाही.

ती तसबीर माझ्या वडिलांची आहे. ते वारकरी होते आणि एका मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. औषधे देण्याच्या खिडकीवर लाकडी क्रूस होता. त्याच्या खाली उभे राहून, गळ्यात तुळशीची माळ असलेले माझे वडील तीस वर्षे मिक्श्चरच्या बाटल्या भरत आणि डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी प्रत्येक बाटलीला खळीने चिकटवत. त्या क्रूसामुळे त्यांना परके वाटले नाही आणि त्यांची माळ पाहून कोणी ख्रिस्ती रुग्ण खिडकीवरून परतला नाही. परकेपणाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे. आपण तरी कोणत्या रुग्णाशी बोलून तो मुद्दा मांडलात, हे प्रतिक्रियेत कोठेही नाही.

ब्रिटनच्या सूचनांविषयी फार लिहीत नाही. रुग्णाने होऊन विचारले, तर डॉक्टरने स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलण्यास त्यांतही मुभा आहे. ते वाक्य आपण सोडून दिलेत. मला बांधून घेतात ते येथील नियम. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार डॉक्टरने नोंदणी क्रमांक आणि शुल्क दवाखान्यात दिसेल असे लावायचे असते. माझ्याकडे दोन्ही लावलेले आहेत. त्याच विनियमांत असेही आहे की, वैद्यकीय कारण असताना संततिनियमन, नसबंदी, सुंता किंवा गर्भपात यांसाठी केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने नकार देता कामा नये. धर्म रुग्णाच्या आड येतो तो अशा नकारात, भिंतीवरच्या चौकटीत नव्हे. एकादशीच्या दिवशी आलेल्या बाईलाही मी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आहेत आणि शेजारच्या तालुक्यात गर्भपाताची अधिकृत सोय कोठे आहे, हे चिठ्ठीवर लिहून दिले आहे. आपल्या प्रतिक्रियेत अशा एखाद्या बाईचा विचार कोठे आहे?

राहिला प्रश्न रुग्णाच्या डोळ्यांसमोर देव ठेवण्याचा. माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचला असता, तर तसे लिहिलेच नसते. तसबीर माझ्या खुर्चीमागे नाही. ती समोरच्या भिंतीवर, रुग्णाच्या पाठीमागे, वजनकाट्याच्या वर आहे. बसलेल्या रुग्णाला ती दिसत नाही, मला दिसते. ती मी माझ्यासाठी लावली आहे आणि ती तेथेच राहील.